पकडू द्यावं लागतं

सरावाच्या मैदानावर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सहसा कुणी बोलावत नाही. त्या दिवशी मीच हट्टाने गेले होते. तीन आठवडे आमच्या आभासी जग दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये गॅसगळतीचा सराव केलेली तुकडी पहिल्यांदाच खऱ्या पाइपांपुढे उभी राहणार होती आणि मला त्यांचे हात बघायचे होते. शिट्टी वाजली. वाफेचा फूत्कार सुटला. आम्ही महिनाभर खपून तयार केलेल्या आवाजापेक्षा कितीतरी ओबडधोबड, कानाला ओरखडा काढणारा. एक मुलगा वाकून धावला, बरोबर तिसऱ्या पाइपाशी पोहोचला, व्हॉल्व्हच्या लाल चाकावर दोन्ही हात ठेवले. आणि थांबला. फार नाही, पापणी लवायला लागतो त्याहून जरासा जास्त वेळ. मग चाक फिरवलं. बाकी सगळं चोख झालं. प्रशिक्षकांच्या नजरेतून मात्र ते सुटलं नाही. "अरे, चाक धरल्यावर थांबलास कशाला?" त्यांनी विचारलं. मुलगा गोंधळला. आपण थांबलो हेच त्याला ठाऊक नव्हतं. मग जे त्याला अगदी उघड वाटत होतं ते तो सांगून गेला. "सर, पकडू द्यावं लागतं ना त्याला."

प्रशिक्षक हसले आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

तो थांबा मी ओळखत होते. तो आमच्या सर्व्हरचा होता.

रात्री मी कागद घेऊन त्या थांब्याचा हिशेब मांडला. आमच्या आभासी कारखान्यात कुणी चाक धरलं की त्याचा हेडसेट सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांचं आभासी जग सांभाळणाऱ्या मधल्या मशीनला, विचारायचा, हे मी घेऊ का? निरोप जाऊन उत्तर यायला सुमारे 130 मिलिसेकंद; सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद. सर्व्हर सेकंदाला 20 वेळा त्या जगाची घडी बसवतो, म्हणजे एक टिक 50 मिलिसेकंदांचा. निरोप नेमका टिक उलटून गेल्यावर पोहोचला, तर पुढच्या टिकपर्यंत दाराशी उभा. तोवर बोटं चाकाला नुसती टेकलेली. उत्तर आलं की ती चाकाभोवती अलगद मिटायची, तळव्यात बारीकशी थरथर व्हायची. हे मिटणं 200 मिलिसेकंदांचं. सगळं मिळून 380. ते बोटं मिटणं आमच्यातल्या एकाने किती जीव लावून केलं होतं! करंगळी सगळ्यात शेवटी मिटते, हे त्याने स्वतःचा हात दहा-दहा वेळा बघून टिपलं होतं. आम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती, कारण त्यानंतर कुणालाच लॅग, म्हणजे तो उशीर, जाणवेना. लॅग जाणवेनासा झाला, पण गेला नव्हता. तो चाकाच्या स्वभावात जाऊन बसला. गंज, तेल, वजन यांसारखाच हाही त्या वस्तूचा एक गुण, असं त्या मुलाच्या हातांनी मानून घेतलं आणि तो गुण ते खऱ्या लोखंडापर्यंत घेऊन आले.

मला सगळ्यात जास्त बोचत होतं ते हे की, वेळेची किंमत आम्हाला कळत नव्हती असं अजिबात नाही. या क्षेत्रात पाऊल टाकलं की पहिला धडाच तो असतो. हेडसेट सेकंदाला 72 चित्रं दाखवत असेल तर एका चित्राच्या वाट्याला 13.9 मिलिसेकंद येतात, 90 दाखवत असेल तर 11.1. मान वळल्यापासून नवं चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचायला 20 मिलिसेकंदांच्या वर वेळ जाऊ नये, असा दंडक सगळे पाळतात. चित्र तयार व्हायला उशीर झालाच तर आधीचंच चित्र मानेच्या ताज्या कोनाप्रमाणे सरकवून दाखवायचं, पण डोळ्याला ताटकळत ठेवायचं नाही. हे चुकलं की काय होतं ते मी अंगावर काढलंय. सुरुवातीच्या दिवसांत एका अडखळणाऱ्या आवृत्तीत मी अर्धा तास फिरले आणि उरलेली दुपार टेबलावर डोकं टेकून, डोळे मिटून काढली. कान सांगत होता की मी हललेय, डोळा सांगत होता की अजून नाही, आणि दोघांच्या भांडणात पोट ढवळत होतं. हेडसेट पुसायच्या ओल्या कागदांचा तो स्पिरिटसारखा वास आला की आजही माझ्या जिभेखाली पाणी सुटतं. म्हणून आम्ही डोकं सोवळ्यात ठेवलं. नेटवर्क मेलं तरी चालेल, सर्व्हर आडवा पडला तरी चालेल, मान वळली की जग वळलंच पाहिजे. डोकं कुणाची परवानगी मागत नाही.

हाताला मात्र आम्ही परवानगी मागायला लावली.

त्यामागेही कारण होतं आणि तेव्हा ते अगदी रास्त वाटलं होतं. पहिल्या आवृत्तीत हात मोकळे होते. धरलं की तुमचं. सर्व्हरला मागाहून कळवायचं. एका सरावात दोघींनी एकाच क्षणी एकाच अग्निशामक नळकांड्याला हात घातला. हिच्या हेडसेटमध्ये ते हिच्या हातात, तिच्या हेडसेटमध्ये तिच्या. दोघी आपापल्या आगीकडे धावल्या. पाऊण सेकंदाने सर्व्हरने निकाल दिला आणि एकीच्या मुठीतून ते नळकांडं नाहीसं झालं. हेडसेट काढून ती माझ्याकडे आली. कपाळावर गादीचा लाल वळ, केस घामाने चिकटलेले. "माझ्या हातात होतं," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती, कुणी खोटं पाडल्यावर माणूस जसं बोलतं तसं होतं. मी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून दाखवला: दुसरीचा निरोप 18 मिलिसेकंद आधी पोहोचला होता. तिने तो आकडा वाचला, मान डोलावली आणि पुन्हा म्हणाली, "पण माझ्या हातात होतं." बरोबरच होतं तिचं. माझ्या लॉगचंही बरोबर होतं. त्या खोलीत दोन 'आत्ता' होते आणि एकाला आम्ही रद्दबातल ठरवलं होतं. तिचा चेहरा बघून आम्ही नियम केला की, यापुढे सर्व्हरने हो म्हटल्याशिवाय कुणाच्या हातात काही यायचं नाही. पुन्हा कुणाच्या हातातून काही हिसकावलं जाऊ नये, एवढाच हेतू. मायेपोटी केलेला नियम होता तो.

मग माणसं वाढली आणि तोच नियम सगळीकडे पसरला. चारजणांची रूम, म्हणजे एकत्र सरावाची एक आभासी जागा, होती तेव्हा प्रत्येकाच्या हालचाली इतर तिघांना कळवायच्या, म्हणजे 12 प्रवाह. दहाजणांत 90. चाळीसजणांत 1,560. शंभरात 9,900. माणसं दहापट झाली की बोलणं शंभरपटीहून जास्त वाढतं. हा चढ कुठलंही महागडं मशीन फार काळ चढू शकत नाही. म्हणून मग जगाचे चौक पाडायचे, आणि जो ज्या चौकात आहे त्याला तिथलंच बारकाईने सांगायचं, लांबचं ओझरतं. डोकं आणि दोन हात यांची जागा आणि कोन पाठवायला ढोबळमानाने 84 बाइट लागतात. ते सेकंदाला 72 वेळा पाठवण्याऐवजी 20 वेळा पाठवायचे आणि मधल्या जागा समोरच्या हेडसेटने अंदाजाने भरून काढायच्या. ही कामं मला मनापासून आवडतात. गर्दीत कुणाचं बोलणं कुणापर्यंत पोहोचायला हवं आणि कुणापर्यंत नाही, याची वाट आखताना मला फार शांत वाटतं.

पण यातच एक गोष्ट निसटते. वेबसाइट मोठी करणं वेगळं. तिथे कुठलीही विनंती कुठल्याही मशीनकडे गेली तरी चालते. मशीनला काही आठवायचं नसतं, आठवणी डेटाबेसात असतात. म्हणून गर्दी वाढली की मशीनं वाढवायची, ओसरली की बंद करायची. सरावाची रूम तशी नसते. तिची सगळी आठवण त्या क्षणी एका मशीनच्या मेमरीत जिवंत असते: कुठला पाइप किती तापलाय, धूर कुठवर आलाय, कोण कुणाला ओढत दाराकडे निघालंय. आम्हीही सुरुवातीला वेबचेच आडाखे इथे लावले. गर्दी ओसरली असं समजून आमच्याच व्यवस्थेने एकदा एक मशीन बंद केलं. त्यावर एक रूम चालू होती, आत 18 जण होते. पुढच्या क्षणी अठराही जण राखाडी पोकळीत उभे; हात दिसताहेत, जमीन नाही, आवाज नाही. खोलीत मी हेडसेट न घालता बघत होते. अठरा माणसं हेडसेट घालून निश्चल उभी, कुणाचा हात अजून पुढे केलेला. त्या दिवसापासून रूम रिकामी झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा आमचा दुसरा नियम. आणि घाईघाईत सगळं सुरक्षित, एकसारखं, सर्व्हरच्या मुठीत ठेवण्याकडे आमचा कल आणखी वाढला. चाक असो, दार असो, रेडिओ असो, एकच रांग, एकच परवानगी. सांभाळायला सोपं. शंभरजणांपर्यंत नेता येणारं.

आमच्या आधी ज्यांनी हे केलं त्यांच्याकडे मी त्या आठवड्यात पुन्हा वळले. 1929 साली एडविन लिंकने विमानचालकांसाठी जी सरावपेटी बनवली तिच्यात ऑर्गनचे भाते होते. वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता, त्यामुळे हवा कशी खेळवायची ते त्याला ठाऊक होतं. काठी हलवली की भाता फुगायचा, पेटी कलायची. 1968 मध्ये आयव्हन सदरलंडने संगणकाचं चित्र दाखवणारं, डोक्यावर घालायचं यंत्र केलं, ते छताला टांगलेलं असे, आणि त्यात दिसायच्या नुसत्या रेषा. पण मान वळली की त्या रेषा वळायच्या. आणि मग 1980 च्या दशकातलं सिमनेट, अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने उभं केलेलं, जिथे रणगाड्यांचे शेकडो सिम्युलेटर एकमेकांना जोडले जाणार होते. तिथे मध्यभागी बसून सगळं ठरवणारं यंत्रच नव्हतं. आपल्या रणगाड्याचं खरंखोटं आपल्याकडे. इतरांच्या रणगाड्यांची सावली आपण अंदाजाने पुढे सरकवत राहायची, जुन्या खलाशांनी वेग आणि दिशा यांवरून जहाजाची जागा मांडावी तशी. माझी खरी जागा तुमच्या अंदाजापासून ठरल्यापेक्षा लांब गेली, तरच मी तुम्हाला कळवायचं. गोळा लागला का, हे डागणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचं. नुकसान किती झालं, हे ज्याला लागला त्याच्या यंत्राने. नेम मारणाऱ्याचा, जखम झेलणाऱ्याची. मी हे आधीही वाचलं होतं, पण त्या रात्री त्यातली समज लख्ख दिसली. कुठल्या गोष्टीचा शब्द कुणाचा मानायचा, हे त्यांनी एकेका गोष्टीसाठी वेगळं ठरवलं होतं. आम्ही सगळ्याला एकच माप लावून मोकळे झालो होतो.

अर्थात रणगाडे एकमेकांचा हात धरत नाहीत.

लहानपणी एकदा मी आणि माझ्या दादाने लाकडी कपाट जिन्यावरून खाली उतरवलं होतं. तो खाली, मी वर. दोघांना एकमेकांचे चेहरेसुद्धा दिसत नव्हते, मध्ये कपाट. पहिल्या दोन पायऱ्या आम्ही "थांब", "घे", "जरा तुझ्याकडे" असं ओरडत होतो. मग बोलणं आपोआप बंद पडलं. त्याचा पाय घसरतोय हे मला लाकडातून कळायचं, त्याने सांगण्याच्या आधी. मी थकले की कपाट बोटभर कलायचं आणि तो थांबायचा. पॉलिशचा वास, तळव्यात रुतलेली कड, आणि पलीकडून येणारी ती निःशब्द खबर. आमच्या सरावात स्ट्रेचर आहे, दोघांनी उचलायचं. ते मी आजवर कधीच समाधानकारक बनवू शकलेले नाही. एक वस्तू, दोन मालक, मध्ये 130 मिलिसेकंद. आणि हातात वजन नाहीच. दोघांच्या हातांच्या मधली जागा काढून सर्व्हर स्ट्रेचर तरंगत ठेवतो. रुग्ण पडत नाही, गुण मिळतात. पण लाकडातून येणारी ती खबर तिथे नाही. ते स्ट्रेचर उचलताना मुलं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, कारण बघायची गरज पडत नाही. हाही थांब्यासारखाच एक धडा आम्ही नकळत शिकवतो आहोत का, या विचाराने मला अजून रात्री जाग येते.

शरीर सरावातलं घेऊन जातं, यात शंका नाहीच. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 शिकाऊ सर्जन होते. ज्यांनी आभासी यंत्रावर हात बसवला होता त्यांनी पित्ताशय सुटं करण्याचं काम 29 टक्के कमी वेळात केलं आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी झाल्या. हा अभ्यास मी किती बैठकांमध्ये अभिमानाने सांगितलाय. आता तोच आठवला की वाटतं, हात चांगलं तेवढं उचलतात आणि बाकीचं तिथेच ठेवून येतात, असं त्यात कुठे म्हटलंय? वैमानिकांच्या प्रशिक्षणात यासाठी शब्दच आहे, उलटं प्रशिक्षण. सिम्युलेटरच्या खोडीला शिकलेला हात खऱ्या विमानात चुकतो.

आणि आमच्या आकड्यांत हे दिसलं कसं नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोन दिवस लागले आणि सापडलं तेव्हा मला खरोखर शरम वाटली. आमचं घड्याळ सर्व्हरवर होतं. व्हॉल्व्ह बंद करायला लागलेला वेळ आम्ही मोजायचो तो परवानगी दिल्याच्या टिकपासून. हात चाकावर पडला तो क्षण फक्त हेडसेटला ठाऊक असायचा आणि तो आम्ही कुठे लिहूनच ठेवत नव्हतो. सरावानंतर प्रशिक्षक जी पुनरावृत्ती दाखवायचे तीही याच नोंदींवरून बनायची. तिच्यात हात चाकावर पडतो आणि लगेच चाक फिरतं. सुरेख, सलग. तीन आठवड्यांच्या प्रगतीचा आलेख वर वर चढणारा. तो मुलगा थांबत होता आणि आमच्या स्मृतीत तो कधी थांबलाच नव्हता.

दुरुस्तीला दोन महिने लागले. कुणी चाकाकडे हात नेतो तेव्हा तो तिथे पोहोचायला तसेही काहीशे मिलिसेकंद जातात; तेवढ्यात हाताची दिशा आणि वेग बघून, आसपास दुसरा हात नसेल तर, आम्ही परवानगी आधीच देऊन ठेवू लागलो. बोटं टेकतात तेव्हा ती दारात उभी असते. उशीर झालाच तर चाक आपल्यापुरतं फिरू द्यायचं, सर्व्हरने मागून जुळवून घ्यायचं. आणि दोन हात एकाच वेळी आलेच तर? यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. शेवटी ठरलं की कुणाच्याच हातातून काही जाणार नाही. चाक जड होईल. खरंच दोघांनी एकदम धरलं तर ते जडच होतं. त्या तक्रार न करणाऱ्या मुलीला मी हे दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही, चाक दोनदा इकडेतिकडे करून बघितलं. घड्याळ हेडसेटवर आलं, सर्व्हरच्या वेळेशी त्याचा फरक पिंगवरून, म्हणजे निरोपाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून, काढून. एका मशीनवर पूर्वी 12 रूम बसत, आता 9 बसतात. त्यावरून एका बैठकीत बरंच ऐकून घ्यावं लागलं आणि मी ते ऐकून घेतलं. बोटं मिटण्याचे ते 200 मिलिसेकंद ज्याने जीव लावून केले होते त्यानेच ते काढून टाकले. मी शेजारी बसले होते. करंगळीची ओळ त्याने शेवटी पुसली.

चार महिन्यांनी ती तुकडी उजळणीला आली. मी कोपऱ्यातल्या स्क्रीनवर आकडे बघत होते. त्या मुलाने चाक धरलं: 360 मिलिसेकंद थांबला. आता त्याला कुणीच थांबवत नव्हतं, तरी थांबला. दुसऱ्यांदा 340. तिसऱ्यांदा पुन्हा 350. माझा श्वास अडकल्यासारखा झाला होता. चौथ्यांदा 210. सहाव्यांदा 90. हेडसेट काढून तो तळहात पँटला पुसत माझ्यापाशी आला.

"मॅडम, व्हॉल्व्ह बदललात का?"

"हो," मी म्हणाले.

तो क्षणभर आपल्या हातांकडे बघत राहिला. "मग आधीचा तसा का होता?"

मी शेजारची खुर्ची ओढून त्याला बसायला सांगितलं, आणि त्या नळकांड्याच्या गोष्टीपासून सुरुवात केली.